जुन्या ऊस हार्वेस्टरच्या केबिनला दुसरा एसी कॉम्प्रेसर बसवताना

फेब्रुवारी उलटला की सोलापूर-धाराशिवकडच्या फडात दुपारचा पारा चाळिशीकडे सरकतो. हार्वेस्टरच्या केबिनमागे इंजिन आणि हायड्रॉलिकची धग, पुढे काचेतून ऊन, आणि दार उघडावं तर पाचटाचा धुरळा आत. अशा वेळी एसी बंद पडला की ऑपरेटर यंत्रावर टिकत नाही, आणि कोटीच्या घरातलं यंत्र उभं राहतं. मग घाईघाईत कोणीतरी सेकंडहँड कॉम्प्रेसर आणून बसवतो, गॅस भरतो, आणि पंधरा दिवसांत तोही जाम होतो.

हा लेख ज्यांना पाना-स्पॅनर हाताळता येतो, ट्रॅक्टर-हार्वेस्टरची रोजची दुरुस्ती जमते, पण एसीच्या कामात कधी हात घातला नाही, त्यांच्यासाठी आहे. उदाहरण जुन्या ऊस हार्वेस्टरचं घेतलंय. कंबाइन किंवा केबिनवाल्या जुन्या ट्रॅक्टरलाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं. कॉम्प्रेसर काढून दुसरा बसवणं हे तासा-दीड तासाचं काम. बाकीचा वेळ जातो तो सफाईत, तेलात आणि व्हॅक्यूममध्ये, आणि दुसरा कॉम्प्रेसर किती हंगाम टिकणार हे तिथेच ठरतं.

आधी खात्री: कॉम्प्रेसरच गेलाय का?

केबिन गार होत नाही म्हणजे कॉम्प्रेसर गेला, असं धरून चालू नका. केबिनचा एअर फिल्टर भुशाने गच्च झालेला असतो. ब्लोअर हळू फिरतो. हीटरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि इंजिनचं गरम पाणी केबिनच्या हीटरमधून फिरत राहतं. एकीकडे एसी गार करतोय, दुसरीकडे हीटर तापवतोय, असा प्रकार जुन्या यंत्रांत वारंवार दिसतो. हीटरकडे जाणारी रबरी नळी हाताला चटका देत असेल तर आधी तो व्हॉल्व्ह बघा.

मग क्लच. इंजिन चालू, एसी चालू, आणि कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती पुलीबरोबर फिरते का? फिरत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट आणि क्लचची कॉइल हे सगळे कॉम्प्रेसरच्या आधीचे संशयित. गॅस कमी झाला की लो प्रेशर स्विच मुद्दाम क्लच तोडतो, कॉम्प्रेसर वाचावा म्हणून. तो स्विच तार जोडून ‘डायरेक्ट’ करणारे मिस्त्री असतात. तसं कधीही करू नका. गॅस कमी असलेल्या सिस्टीममध्ये तेलही परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून मरतो.

कॉम्प्रेसर खरंच गेल्याच्या खुणा अशा: इंजिन बंद ठेवून पुढची चकती हाताने फिरवली तर फिरत नाही, किंवा खरखर अडकत फिरते. क्लच लागला की बेल्ट किंचाळतो आणि जळका वास येतो. किंवा क्लच नीट लागलाय, गॅस पुरेसा आहे, तरी गेजवर लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) चढलेली आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारी जास्त दाबाची बाजू) पडलेली, दोन्ही काटे जवळजवळ सारखे. याचा अर्थ आतले रीड व्हॉल्व्ह (गॅस एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या) गेले. नुसता पुलीचा बेअरिंग वाजत असेल तर तेवढा बदलता येतो, गॅस काढावाही लागत नाही.

तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा घेऊ नका

कॉम्प्रेसर आपणहून क्वचितच मरतो. हार्वेस्टरवर सगळ्यात मोठं कारण कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर फेकणारी जाळी. पाचटाचा बारीक भुसा आणि उसाच्या रसाचा चिकट थर पात्यांत बसतो, वर तेलकट धूळ. हवा जात नाही, उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचं प्रेशर वाढत जातं, आणि तेल पातळ होऊन कॉम्प्रेसर तापून जातो. दुसरं कारण हळू गळती: गॅस जातो, त्याबरोबर थोडं तेलही जातं. तिसरं आपल्याकडचं खास. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की यंत्र सहा महिने शेडमध्ये उभं राहतं, शाफ्टचा सील कोरडा पडतो आणि पुढच्या मोळीपर्यंत, म्हणजे नवा हंगाम सुरू होईपर्यंत, गॅस निघून गेलेला असतो.

होज जिथे चॅसीला घासतात, जोडांभोवती जिथे तेलकट धूळ साचलेली दिसते, तिथे गळती शोधा. कंडेन्सरचा पंखा पूर्ण वेगाने आणि योग्य दिशेने फिरतो का, हेही बघा. वायरिंगच्या कोणत्या तरी दुरुस्तीत मोटरची जोडणी उलटी होऊन पंखा उलटा फिरत राहिलेली यंत्रं असतात.

कोणता कॉम्प्रेसर घ्यायचा

जुन्या शेती यंत्रांवर तीन-चार घराणी सापडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन ट्रॅक्टरांवर जनरल मोटर्सचा लांबट, नळकांड्यासारखा ए-६ असायचा. वजन सोळा किलोच्या आसपास. तो गेला की आता बहुतेक जण अ‍ॅडॅप्टर ब्रॅकेट लावून त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा सँडेन पद्धतीचा कॉम्प्रेसर बसवतात. त्याहून जुन्या काही यंत्रांवर यॉर्कचे दोन सिलिंडरचे चौकोनी कॉम्प्रेसर दिसतात. आपल्याकडे जी जुनी हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर फिरतात, त्यांच्यावर बहुतेकदा सँडेन पद्धतीचे नाहीतर डेन्सोच्या १०पीए मालिकेचे कॉम्प्रेसर निघतात. बाजारात दुकानदार ‘पाचशे आठ’ म्हणतो तो सँडेनचा पाच पिस्टनचा, १३८ सीसीचा. ‘सातशे नऊ’ म्हणजे सात पिस्टनचा, १५५ सीसी.

‘पाचशे आठ सगळ्याला बसतो’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळेल. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. जुना कॉम्प्रेसर पिशवीत घालून दुकानात न्या आणि शेजारी ठेवून या गोष्टी जुळवा:

- व्होल्टेज. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, मोठी हार्वेस्टर पुष्कळदा २४ व्होल्टची. १२ व्होल्टची कॉइल २४ वर लावली तर जळते, २४ ची १२ वर लावली तर क्लच नीट धरत नाही आणि घसरतो.
- पुली. एक खाचेची की दोन, ए सेक्शन की बी सेक्शन, की बारीक आठ रेघांचा बेल्ट. व्यासही मोजा, दोन खाचांच्या पाचशे आठवर १३२ मिलिमीटरची पुली नेहमीची आहे.
- पुलीची रेषा. मागच्या कानाच्या पृष्ठभागापासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर जुन्याइतकंच हवं.
- मागचं डोकं. नळ्या वरून निघतात की मागून, जोड ओ-रिंगचे आहेत की फ्लेअरचे. डोक्यावर ‘एस’ म्हणजे सक्शन, ‘डी’ म्हणजे डिस्चार्ज असं कोरलेलं असतं.
- बसवण्याचे कान किती, भोकांमधलं अंतर किती, बोल्ट कोणत्या मापाचे.
- सीसी. जुन्यापेक्षा लहान घेतला तर मोठी केबिन गार होणार नाही. फार मोठा घेतला तर कंडेन्सरला तेवढी उष्णता फेकता येणार नाही.

स्क्रॅपमधला वापरलेला कॉम्प्रेसर घ्यावा का? माझं मत स्पष्ट आहे: डोक्याची भोकं उघडी राहिलेली असतील तर फुकट दिला तरी घेऊ नका. आत दमट हवा, धूळ आणि गंज गेलेला असतो. भोकांवर टोप्या असतील, चकती हाताने मऊ फिरत असेल आणि तेल स्वच्छ असेल, तरच विचार करा.

गॅस कोणता आहे?

केबिनच्या दाराजवळ किंवा कंडेन्सरशेजारी स्टिकर असतो. नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीची यंत्रं बहुधा आर-१२ वर होती. आर-१२ ओझोन थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला आवर घातला, आणि भारतात २०१० पासून तो बंद आहे. आज तुमच्यासमोरच्या यंत्रात आर-१३४ए असण्याचीच शक्यता जास्त, कारण मधल्या काळात कोणीतरी बदल केलेला असतो. पण तो नीट केला होता का, याची खात्री नसते.

आर-१२ बरोबर मिनरल तेल चालतं, आर-१३४ए बरोबर नाही. मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून बदल करायचा असेल तर जुनं तेल पूर्ण काढून पीएजी किंवा एस्टर हे कृत्रिम तेल घालावं लागतं.

स्वस्तात ‘आर-१२ चा पर्याय’ म्हणून प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणं विकली जातात. गार छान करतात, पण ती पेट घेतात. बंद केबिन, शेजारी तापलेलं इंजिन आणि सगळीकडे कोरडं पाचट असलेल्या यंत्रात हा गॅस भरणं म्हणजे जाणूनबुजून आग पोसणं. आर-१३४ए देखील ओळखीच्या दुकानातून, सीलबंद घ्या. भेसळीच्या गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, सापडलेलं आहे. ते कॉम्प्रेसरमधल्या अ‍ॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून हवेशी संपर्क येताच पेटणारं संयुग तयार करतं. २०११ मध्ये जहाजांवरच्या रीफर (थंड मालाच्या) कंटेनरांचे कॉम्प्रेसर याच कारणाने फुटून कामगार दगावले होते.

हत्यारं आणि काळजी

मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, फीलर गेज, मापाचा पेला, रेग्युलेटरसह कोरडा नायट्रोजन, टॉर्क पाना, मल्टिमीटर. पंप आणि नायट्रोजन विकत घ्यायची गरज नाही, तालुक्याच्या गावात फ्रिज-एसीवाल्याकडून भाड्याने मिळतात.

यंत्र सपाट जागी लावा. टॉपर, क्रॉप डिव्हायडर आणि पुढची सगळी यंत्रणा जमिनीवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, बॅटरीचा मायनस काढा. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे पाहिजेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो. आणि गॅस सुटलेला असताना जवळपास वेल्डिंग किंवा बिडी नको, ज्वालेतून गेला की त्याचे विषारी वायू होतात.

गॅस काढणं आणि जुना उतरवणं

उरलेला गॅस हवेत सोडू नका. एक किलो आर-१३४ए म्हणजे जवळजवळ १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ. रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमधून तो काढून घ्या. गेजवर शून्य दिसलं तरी पहिला नट हळू, चेहरा बाजूला ठेवून सैल करा.

जोड सोडवताना नेहमी दोन पाने: एक नटावर, दुसरा फिटिंग धरायला. एकाच पान्याने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमची नळी पिळली जाते. नळी सुटली की लगेच तोंडाला टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक आणि रबर बँड. सिस्टीम उघडी ठेवून जेवायला जाण्याची चूक महागात पडते, कारण पीएजी तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं.

कॉम्प्रेसर उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: बेल्टचा मार्ग, वायर, वॉशर कुठे कोणता. वॉशर आणि शिम वेगळ्या डबीत ठेवा. कोणीतरी पुलीची रेष जुळवायलाच त्या घातलेल्या असतात.

मग जुन्यातलं तेल मापाच्या पेल्यात ओता. सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही भोकांतून, चकती हाताने फिरवत. किती निघालं ते लिहून ठेवा, आणि त्या तेलाकडे नीट बघा. स्वच्छ, पिवळसर असेल तर सफाई हलकी. काळं, जळक्या वासाचं किंवा चंदेरी कणांनी चमकणारं असेल तर कॉम्प्रेसरने आपलाच धातू झिजवून पूर्ण सिस्टीमभर पसरवलाय. चंदेरी तेल म्हणजे कामाचा खर्च आणि वेळ दुप्पट, हे मालकाला तेव्हाच सांगून टाका.

सफाई

इथेच बहुतेक जण हात आखडता घेतात.

होज, कूलिंग कॉइल आणि जुन्या पद्धतीचा नळीचा कंडेन्सर फ्लश करता येतो. एसीसाठीच बनवलेलं फ्लशिंगचं द्रव घ्या. पूर्वी आर-१४१बी सर्रास वापरायचे, त्याचं उत्पादन भारतात २०२० पासून थांबलेलं आहे. पेट्रोल, डिझेल, थिनर यांचं नावही काढू नका: आग तर आहेच, शिवाय उरलेला अंश नव्या तेलाची आणि ओ-रिंगांची वाट लावतो. प्रत्येक भाग वेगळा करून, गॅस ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट दिशेने द्रव ढकला, बाहेर येणारं पांढऱ्या फडक्यावर घ्या. फडक्यावर डाग पडायचा थांबला की कोरड्या नायट्रोजनने भरपूर वेळ फुंका. आत राहिलेलं द्रव नव्या तेलाला पातळ करतं.

तीन गोष्टी फ्लश करायच्या नाहीत: कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा). ड्रायर दर वेळी नवाच लागतो. त्यातले ओलावा शोषणारे मणी एकदा हवा लागली की संपले. आर-१३४ए साठी एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ प्रकारचे मणी असलेला ड्रायर मागा. एक्सपान्शन व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी तपासा. तेल चंदेरी होतं तर तोही नवा.

आणि कंडेन्सर चपट्या, बारीक समांतर नळ्यांचा असेल तर? त्यातला धातूचा चुरा फ्लशने खात्रीने निघत नाही. एका नळीत अडकलेला चुरा फ्लशिंगचं द्रव शेजारच्या नळीतून निघून गेल्यामुळे जागचा हलत नाही, आणि महिन्याभराने सुटून नव्या कॉम्प्रेसरमध्ये जातो. कंडेन्सर नवा टाका. मालक कुरकुर करेल, पण दुसरा कॉम्प्रेसर त्याहून महाग पडतो.

तेलाचा हिशोब

नव्या कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा: कोणतं तेल, किती मिलिलिटर. सँडेन पद्धतीच्या बहुतेक आर-१३४ए कॉम्प्रेसरमध्ये १०० जाडीचं पीएजी चालतं, डेन्सो पद्धतीच्या बऱ्याच कॉम्प्रेसरना ४६. एकाच्या जागी दुसरं घालू नका.

नामवंत कंपनीच्या नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पूर्ण सिस्टीमचं तेल भरूनच येतं. स्वस्त पर्यायांत काही वेळा फक्त वाहतुकीपुरतं थोडंसं असतं. म्हणून विश्वास न ठेवता नव्यातलं तेलही पेल्यात काढून मोजा.

सिस्टीम पूर्ण फ्लश झाली असेल तर लेबलवर लिहिलेलं पूर्ण प्रमाण घाला. फ्लश केली नसेल, म्हणजे जुनं तेल स्वच्छ होतं आणि गॅसही तोच आहे, तर कॉइल, होज आणि कंडेन्सरमध्ये जुनं तेल उरलेलं असतं. अशा वेळी जुन्या कॉम्प्रेसरमधून जेवढं निघालं साधारण तेवढं, आणि नव्या ड्रायरसाठी सुमारे ३० मिलिलिटर जास्त. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जातो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तर ते कूलिंग कॉइलच्या आतल्या भिंतीवर थर धरतं, गारवा कमी होतो, आणि लोक पुन्हा गॅस भरत बसतात.

पीएजीची बाटली उघडली की लगेच वापरा. उघडी राहिलेली पुढच्या हंगामाला चालत नाही.

बसवणं, पुली, बेल्ट, क्लच

ब्रॅकेटची भोकं घासून लंबगोल झालेली असतील तर आधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर कॉम्प्रेसर थरथरत राहील आणि एक दिवस कान तुटेल. तेल भरायचा नट वरच्या बाजूला राहील असा कॉम्प्रेसर बसवा. सँडेन पद्धतीचे कॉम्प्रेसर आडवे कलवले तरी चालतात, उलटे मात्र नाही. बोल्ट आधी बोटांनी घालून, सगळे बसल्यावर टॉर्कने आवळा. एखादा कान ब्रॅकेटपासून दूर राहिला असेल तर शिम घाला. बोल्ट आवळून कान ओढून घ्यायला गेलात तर अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा चिरतो.

इंजिनच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवून दोन्ही पुल्यांच्या खाचा एका रेषेत आहेत का बघा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. बेल्ट नवाच घाला. सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर दबावा. तासाभराच्या कामानंतर पुन्हा ताण बघा, नवा बेल्ट सुरुवातीला सैल होतोच.

क्लचची चकती आणि पुली यांच्यातलं अंतर फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. सँडेन पद्धतीत ०.४ ते ०.८ मिलिमीटर. जास्त असेल तर गरम झाल्यावर क्लच लागत नाही, कमी असेल तर घासत राहतो. कॉइलला १२ व्होल्टवर चारेक अँपियर लागतात. वायरचे गंजलेले जोड घासून घ्या आणि क्लचपाशी व्होल्टेज तपासा. १२ व्होल्टच्या यंत्रावर तिथे ११ च्या खाली मिळत असेल तर क्लच घसरून जळेल, आणि दोष कॉम्प्रेसरच्या माथी मारला जाईल.

नळ्या जोडताना सगळ्या ओ-रिंग नव्या, आर-१३४ए ला चालणाऱ्या. बाजारात त्या बहुधा हिरव्या रंगाच्या असतात. कॉम्प्रेसरच्याच तेलाचं बोट लावून बसवा. ग्रीस किंवा टेफ्लॉन टेप नको. ड्रायर सगळ्यात शेवटी, त्याच्या टोप्या जोडायच्या क्षणी काढायच्या. त्यावरचा बाण कंडेन्सरकडून एक्सपान्शन व्हॉल्व्हकडे हवा.

प्रेशर टेस्ट आणि व्हॅक्यूम

रेग्युलेटर लावून नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. अर्धा-पाऊण तास काटा हलता कामा नये. ऑक्सिजन वापरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, तेलाशी तो भडकतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, त्यात पाणी असतं.

नायट्रोजन सोडून दिल्यावर व्हॅक्यूम. किमान पाऊण तास, पावसाळी हवेत किंवा सिस्टीम बराच वेळ उघडी राहिली असेल तर दुप्पट. व्हॅक्यूममध्ये आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो, म्हणून वेळ द्यावा लागतो. मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्यूम मोजणारा) असेल तर ५०० च्या खाली न्या. साध्या गेजवर पुस्तकात लिहिलेले उणे ३० इंच दिसत नाहीत म्हणून पंपाला दोष देऊ नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी दिसतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे २८ इंचांच्या आसपास काटा थांबला तर पंप ठीक आहे. मग व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि अर्धा तास काटा बघा. परत चढला तर गळती आहे किंवा ओलावा उरलाय. काटा स्थिर राहिल्याशिवाय गॅसला हात लावू नका.

गॅस भरणं

काट्यावर वजन करून भरा. प्रमाण स्टिकरवर असतं. अशा केबिनना साधारण एक ते अडीच किलोच्या दरम्यान लागतो. आर-१२ च्या यंत्रात आर-१३४ए भरायचा असेल तर मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के.

गेजच्या मधल्या नळीतली हवा आधी काढा. इंजिन बंद ठेवून पहिला हप्ता हाय साइडने द्रवरूपात सोडा, मग हाय साइडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. काही मिनिटं थांबा. आता कॉम्प्रेसरची पुढची चकती हाताने दहाएक वेळा फिरवा. नुसती पुली फिरवून उपयोग नाही, क्लच सुटलेला असताना पुली मोकळीच फिरते. सिलिंडरमध्ये साचलेलं तेल आणि द्रव गॅस बाहेर पडावा म्हणून हे करायचं. द्रव दाबला जात नाही. न फिरवता चालू केलं तर रीड व्हॉल्व्ह पहिल्याच मिनिटाला तुटू शकतात.

बॅटरी जोडा, इंजिन चालू करा, उरलेला गॅस लो साइडने, सिलिंडर उभा ठेवून वायुरूपात. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, कधीच. दोन-अडीचशे पीएसआयचं प्रेशर उलट सिलिंडरमध्ये किंवा डब्यात शिरतं आणि डबा फुटतो.

ड्रायरच्या काचेतले बुडबुडे बघून गॅस भरायची जुनी सवय आर-१२ ची आहे. आर-१३४ए मध्ये बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत भरलं तर बहुधा जास्तच भरला जातो.

पहिली सुरुवात आणि गेज वाचणं

नवा क्लच आधी बसवून घ्यावा लागतो. इंजिन १,५०० च्या आसपास ठेवून एसी पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी काही सेकंद. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून नीट पकडतात.

मग केबिनचं दार उघडं, ब्लोअर पूर्ण, दहा मिनिटांनी वाचन. बाहेर ३५ अंश असताना लो साइड २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २६० पीएसआय असेल तर काम ठीक आहे. चाळिशीत हाय साइड ३०० कडे सरकते. दोन्ही काटे कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त, आत हवा राहिलेली, किंवा कंडेन्सर-पंखा काम करत नाही. कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा, प्रेशर झपकन उतरलं तर दोष हवेच्या प्रवाहात आहे. लो साइड थेट व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय, किंवा ओलावा तिथे बर्फ होऊन बसतोय. थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा गार होऊन परत बंद पडत असेल तर बर्फच.

आणखी एक तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र थंड असताना. दोन्ही गेज सारखंच दाखवतील. आर-१३४ए शुद्ध असेल तर ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ३५ ला ११४, ४० ला १३३. त्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर आत हवा किंवा भेसळीचा गॅस आहे. यातून गॅस किती आहे ते मात्र कळत नाही, थेंबभर द्रव असला तरी आकडा तोच येतो.

नंतर

हंगामात कंडेन्सर रोज संध्याकाळी हवेने साफ करा, आतून बाहेर, धूळ आली त्याच्या उलट दिशेने. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारला तर पाती वाकतात आणि हवा जाणं कायमचं कमी होतं. रसाचा चिकटपणा जाण्यासाठी आठवड्यातून एकदा साधं पाणी पुरतं. पट्टा पडल्यावर यंत्र शेडमध्ये गेलं की दर दोन-तीन आठवड्यांनी इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी चालवा, शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहतं.

आणि रंगाच्या पेनने एक पत्र्याची पट्टी लिहून कॉम्प्रेसरशेजारी बांधा: गॅस कोणता आणि किती किलो, तेल कोणतं आणि किती मिलिलिटर, ड्रायर कधी बदलला, तारीख. पुढच्या वेळी झाकण उघडणारा बहुधा दुसरा कोणी मिस्त्री असेल.